ओव्हर न देता गेलेला डॉक्टर

३ जून
आज रुजू झाले. किती दिवसांनी पाय हलके वाटले! तातडीचा विभाग लहान, पण नेटका. आत खाटा मोजक्याच, म्हणून काही बाहेर पॅसेजमध्ये भिंतीला लावलेल्या. मोठ्या सिस्टरांनी चहा पाजून बजावलं, की मॅडम, इथे टिकायचं तर पोटात जेवण आणि जिभेला कुलूप. सगळे हसले, मीही हसले. इथली एक पद्धत फार आवडली. पाळी बदलताना जाणारा डॉक्टर येणाऱ्याला एकेका खाटेशी नेऊन पेशंटची माहिती देतो, म्हणजे ओव्हर देतो. येणाऱ्याने पेशंट ‘घेतला’ म्हटल्याशिवाय जाणाऱ्याला घरी जाता येत नाही. लेकीला फोनवर सांगितलं, आता इथून बिऱ्हाड हलवायचं नाही. म्हणाली, आई, हे तू मागच्या गावातही म्हणाली होतीस.

९ जून
माझ्या आधीचे डॉक्टर खूप उंच होते, सगळे त्यांना जिराफ म्हणत. पॅसेजमधला ऑक्सिजनचा पॉइंट मधूनच बंद पडतो, तिथे पेशंट ठेवू नका, असं त्यांनी व्यवस्थापकांना सुनावलं. दुसऱ्याच दिवशी, पाळी चालू असताना, वॉचमनने दंडाला धरून बाहेर काढलं. कायम नोकरीतल्या डॉक्टरला काढायचं तर कारण द्यावं लागतं, बाजू मांडू द्यावी लागते. ते संरक्षण आम्हाला नाही. आम्हाला ठेकेदार कंपनी पुरवते. रुग्णालयाने ‘हा नको’ म्हटलं की संपलं. मीही त्याच करारावर सही केली आहे, आणि वाचून केली आहे. त्यांनी ओव्हर दिली का, असं विचारलं. सिस्टर म्हणाल्या, ओव्हर कसली घेऊन बसलात, निसटलेला बूट उचलू दिला नाही मेल्यांनी.

१४ जून
पॅसेजमधल्या आजोबांनी दुपारी तक्रार केली. ते उंच डॉक्टर आत्ता तुम्हाला माझं सगळं सांगत होते, तुम्ही तोंड का फिरवलंत? लख्ख उजेड होता. माझ्याजवळ कोणीही नव्हतं. औषधाची गुंगी असेल. पण संध्याकाळी पलीकडच्या खाटेवरच्या सुतारानेही तेच विचारलं, जरा रागानेच.

१९ जून
पॉइंट स्वतः तपासला. दाबाचा काटा सर्रकन खाली आला. व्यवस्थापकांकडे गेले. ते गोड हसून म्हणाले, तुमच्या आधीचेही हुशारच होते, मॅडम. मी त्यांचे आभार मानून बाहेर आले. आभार कशाचे मानले मी?

२३ जून
एक निवृत्त शिक्षिका, धाप लागलेली. आत एक खाट रिकामी होती, पण व्यवस्थापक साहेबांच्या पाहुण्यांसाठी राखलेली. मी बाईंना पॅसेजमध्ये ठेवलं. पॉइंट बंद पडला. सिलिंडर येईपर्यंत गेल्या. मुलाने विचारलं, उशीर तर झाला नाही ना? मी म्हणाले, शक्य ते सगळं केलं. त्याने मला हात जोडले. त्या हातांकडे मला बघवेना.

२४ जून
दुपारी दोन वाजता, पाळी बदलताना, तो उंच डॉक्टर दिसला. एका पायात बूट नाही. कमरेत वाकून माझ्या तोंडाशी तोंड आणून सांगत होता: बाईंना धाप आहे, आत घ्या. बाई काल गेल्या. तो मात्र थांबलेला, मी ‘घेतला’ म्हणेन म्हणून. मी तोंड फिरवलं.

२६ जून
त्याच्या घरी फोन केला. तो जिवंत आहे! बायको रडत होती. रोज दोनला भिंतीकडे तोंड करून उभे राहतात, बोलतात, म्हणतात कोणी घेतच नाही.

२८ जून
बाईंच्या मृत्यूची चौकशी. पॉइंट चालू होता का? मुलगा समोर बसलेला. चालू होता, म्हणाले. आवाज जराही कापला नाही माझा.

३० जून
पॉइंट चालू, म्हणजे चूक डॉक्टरची. माझ्याच शब्दांवरून ठरलं. बाजू मांडू द्या म्हटलं — करारात तसं नाही. पाळी अर्धीच, वॉचमनने बाहेर काढलं — पॅसेजमध्ये एक गवंडी, छातीत दुखतंय — त्याची ओव्हर कोणालाच —

२ जुलै
लेक आली आहे. म्हणते, मी दुपारी भिंतीशी बोलत होते. भिंत नव्हती. पॅसेज होता. नवा डॉक्टर, हसरा. माझ्याकडे बघत नाही —

३ जुलै
दोन वाजतायत. आज त्याला खरं — गवंड्याला आत घ्या, काटा उतरतोय — पॉइंट बंद होता, बाईंच्या वेळीही, मी खोटं — अहो, तोंड फिरवू नका, नुसतं ‘घेतला’ म्हणा, म्हणजे मला —