वीस मीटरवर आई

६ जानेवारी, सोमवार

पोहोचलो एकदाचे माहूरला! लातूरहून निघताना आईनं इतकी बोचकी बांधली की एस्टीच्या कंडक्टरनं विचारलं, घर सोडलं का गाव. दोन्ही सोडलं, असं मी सांगून टाकलं. उतरल्या उतरल्या आईनं गडाकडं तोंड करून रेणुकामाईला हात जोडले अन् लगेच मला दम दिला, तनू, ही नोकरी टिकव, तोंड आवर. माझ्या तोंडानं तीन नोकऱ्या खाल्ल्यात, तेव्हा बोचकी उचलून चालायला लागले.

माझी नोकरी आहे तो खाजाभाईंचा फोटो स्टुडिओ रस्त्याच्या अल्याड, आमच्या दोन खोल्या पल्याड. गच्चीसमोर गच्ची. त्यांच्या घरून गौसियाभाभींनी पहिल्याच दिवशी खिचडी अन् चिंचेचा आंबट खट्टा पाठवला. आई आधी बिचकली, मग दोनदा वाढून घेतला. जागा मला आवडली.

८ जानेवारी

घबाड! स्टुडिओच्या माळ्यावर लोखंडी पेटीत चारशे एमएमची जुनी लेन्स सापडली. वरवंट्यासारखी जड, पण रिंग अशी फिरते की आत तूप सोडलंय. खाजाभाईंचे अब्बा मुज्तबासाहेब यांची ही लेन्स.

खाजाभाईंनी तिची गोष्ट सांगितली. पूर्वी खेड्यातली म्हातारी माणसं फोटोला घाबरायची, आयुष्य कमी होतं म्हणायची. मग पोरंच गुपचूप यायची, की आमची माय आज बाजाराला आलीय, लांबून एक काढून ठेवा, उद्या भिंतीवर लावायला काहीतरी पाहिजे. मुज्तबासाहेब गच्चीवरून या लेन्सनं चोरून फोटो घ्यायचे. पुढं एकाएकी त्यांनी ते बंद केलं अन् लेन्सला कुलूप लावलं. वापर बेटी, पण समोरच्यानं काचेत पाहिल्याबिगर बटण दाबायचं न्हाई, एवढी एकच अट खाजाभाईंनी घातली. मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातंय.

१० जानेवारी

नांदेडहून अडॅप्टर आला. एवढीशी धातूची कडी, पण तिनं पन्नास वर्षांची लेन्स अन् माझा दोन वर्षांचा कॅमेरा सासू-सुनेसारखे एका घरात बसवले. ही लेन्स आपोआप फोकस करत नाही, रिंग हातानं फिरवायची. मदत म्हणून कॅमेरा काय करतो, तर जे स्पष्ट झालं त्याच्या कडांवर लाल रेघा ओढतो. ते किती लांब आहे त्याचे मीटरचे आकडे रिंगवर कोरलेत. गडाच्या पायऱ्यांवर एक बाई नारळ सोलत होती, तिच्या बांगड्या मोजता आल्या मला. रंग तर असे मऊ की नव्या लेन्सनं तोंड लपवावं.

अन् मी अट मोडली. आई समोरच्या गच्चीवर संक्रांतीचे तीळ निवडत बसली होती. रिंग वीसवर आली, लाल रेघा तिच्या कपाळावर, नाकातल्या फुलीवर येऊन बसल्या. दाबलं बटण.

काय करू? आई जन्मात फोटो काढू देत नाही. आधार कार्डावरचा एक आहे, तो पाहून भूत पळेल. दादा, माझे वडील, गेले तेव्हा कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोतून त्यांचं डोकं कापून घ्यावं लागलं, शेजारच्याच्या कानासकट. तो कान अजून आमच्या भिंतीवर आहे. आईचं तसं मी होऊ देणार नाही.

११ जानेवारी

फोटो मोठा करून पाहिला. आईचा चेहरा, आहाहा. पण तिच्या मागं एक धुरकट डाग उभा आहे, माणसाएवढा. वाळत घातलेली साडी असेल म्हणून विचारलं, तर आई म्हणाली, धुणं तर सकाळीच काढलं की.

पुन्हा स्टुडिओच्या गच्चीवर गेले. आईच्या मागं गच्ची संपते, पुढं नुसती हवा आहे. रिंग फिरवत सदतीसवर आणली अन् त्या मोकळ्या हवेत लाल रेघा उमटल्या. डोकं, खांदे, लोंबते हात. डोळ्यानं पाहिलं तर कुणी नाही. फोटो काढला. रेघा छत्तिसावर आल्या. अजून एक काढला, पस्तीस.

काचेला बुरशी लागलीय, तिचाच खेळ असणार.

१३ जानेवारी

बुरशी पुसली. बुरशी नाही ती.

काय आहे ते नीट दिसावं म्हणून काढतच गेले, मूर्खासारखी. दर फोटोला ते एक मीटर पुढं सरकतं अन् जरा जास्त स्पष्ट होतं. आता बावीसवर आहे. आई वीसवर.

दुपारी आई म्हणाली, पाठ लई गार पडून राहिली, उन्हात बसले तरी कुणीतरी ऊन अडवून उभं हाय असं वाटतंय. बोटं बटणापासून लांब ठेवलीत.

१४ जानेवारी, संक्रांत

खाजाभाईंना सगळं सांगितलं. तिळगूळ हातात तसाच राहिला त्यांच्या. आधी मला झाड झाड झाडलं, मग खाली बसले. म्हणाले, चोरून काढलेल्या माणसाला शोधत कुणीतरी येतं. दर फोटोला एक पाऊल. दोघांचा आकडा एक झाला की माणूस हातचा गेला. अब्बांना हे कळेपर्यंत चार जणं गेली होती. मग ते गावोगाव हिंडले, उरलेल्यांना लेन्ससमोर बसवलं. काढणारा तोच पाहिजे, अन् समोरच्यानं जाणून काचेत पाहिलं पाहिजे. मग ते निघून जातं.

घरी येऊन आईच्या पाया पडले. एक फोटो काढू दे म्हटलं. न्हाई म्हणजे न्हाई. भांडले, रडले. शेवटी तिनंच पदरानं माझं तोंड पुसलं अन् म्हणाली, काढ बाई, पर रडू नको सणाचं.

१५ जानेवारी

आई गच्चीवर बसली, नवी नवरी बसावी तशी ताठ. मी ओरडले, काचेत बघ. तिनं बघितलं. मी बटण दाबलं. एकवीस, बावीस, पंचवीस, सगळीकडं रिंग फिरवून पाहिली. कुठंच काही नाही. सुटलो!

आईनं आपला फोटो तासभर हातात धरला. म्हणाली, मी एवढी बी वाईट न्हाई की गं.

मागच्याचं तिला सांगितलं नाही. तिला बीपी आहे, उगं कशाला घाबरवायचं.

१९ जानेवारी

आईला कॅमेऱ्याचं वेड लागलंय. दिवसभर स्टुडिओच्या गच्चीवर, स्टँडवरच्या लेन्सला डोळा लावून. लाल रेघांना ती दोरे म्हणते. खाजाभाई शेजारी बसून शिकवतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला इकडं बघा म्हणून हाका मारतात. इतकी हसताना मी तिला दादा गेल्यापासून पाहिली नव्हती. पोट भरलं माझं.

२२ जानेवारी, दुपार

खाजाभाई नांदेडला गेलेत. मी आमच्या गच्चीवर लिहीत बसलेय. ऊन चांगलं आहे, पण पाठ का कोण जाणे गार —

आईचा फोन आला. समोरच्या गच्चीवरून बोलतेय, लई खुश. म्हणे तू सगळ्यांचे काढतीस, तुझा कोण काढणार, माझ्यापाशी बी तुझा एक पाहिजे की. तू मान खाली घालून लिहून राहिली, तुला पत्ताच न्हाई. सकाळपासून सतरा काढले.

सतरा.

ओरडले, थांब. ती म्हणाली, पर दोरे तुझ्यावर कमी अन् मागंच जास्त हायत. तुझ्या मागं कोण उभं हाय गं, गौसिया का?

सदतीस, छत्तीस — सतरा म्हणजे एकवीस. मी वीसवर. एकच राहिलंय.

सांगितलं तिला. मी वर बघते, काचेत बघते, मगच दाब. आधी नाही. हो म्हणाली. रडतेय आता. फोन चालूच आहे, मांडीवर.

मान वर होत नाही.

कुणीतरी मानेवर हात — गार — दाबून धरलाय. तोंडातून आवाज निघत नाही. पेन मात्र चालतंय.

सावली वहीवर आलीय. माझी नाही.

फोनमधून आई म्हणतेय, बघ की वर, तनू. बघ की. बघितलंस ना? डोळ्यात पाणी आलंय, मला नीट दिसना — बघितलंस ना? दाबू?

नाही आई मी अजून वर पाहिलं नाही, अजून नको दा