मैनानं अ‍ॅम्प कुठला घ्यावा

प्रिय मैना,

तुला गिटारसाठी ट्यूबचाच अ‍ॅम्प कशाला हवाय? ऐकणार कोण आहे? तुमच्या हडपसरच्या गल्लीत समोर पिठाची गिरणी, मागं वेल्डिंगवाला, आणि तू म्हणतेस आवाजात ऊब पाहिजे. ऊब हा शब्द तुझा नाहीये, तुझ्या दादाचा, संभाजीचा आहे, आणि त्यानंही तो कुठल्यातरी व्हिडिओतून उचलला होता. काल दुपारी तुझा मेसेज आला तेव्हापासून मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडतोय. पाच लिंका, प्रत्येकीपुढं किंमत, खाली लिहिलंयस, श्रीदादा, बजेट पंचवीस हजार, एका ओळीत सांग कुठला घेऊ. आणि मग जाता जाता लिहावं तसं, नाहीतर थांबू का, सोमवारी संपत वायरमन कोर्टात गुन्हा कबूल करणारे, केस संपली की पोलीस दादाचा अ‍ॅम्प परत देतील, तोच रिपेअर केला तर स्वस्तात पडेल ना.

एका ओळीत नाही सांगता येत. व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच, तिथं मी लिहीत असताना तू वर टायपिंग दिसायला लागतेस आणि माझी हिंमत जाते. म्हणून कागद. माझं अक्षर वाईट आहे, सांभाळून घे.

आधी तुझ्या प्रश्नाचं. ट्यूब अ‍ॅम्प बारीक आवाजात मेल्यासारखा वाजतो. तो ताणला की आवाज जरा फाटतो, आणि त्या फाटण्याचेच आपण पैसे मोजतो. म्हणून जास्त वॅटचा घेणं हा शुद्ध गाढवपणा. तुझ्या लिस्टमधला तो चाळीसवाला घरात ताणलास तर सर्जेरावकाका बाप असूनही दुसऱ्या मिनिटाला तुझ्या खोलीचं दार बडवतील. पाच वॅट पुष्कळ झाले, पाच वॅटचा ट्यूब अ‍ॅम्पसुद्धा गिरणीला भारी पडतो. स्पीकर मात्र आठ इंची नको, डबड्यातून बोलल्यासारखा वाजतो, दहा इंची तरी बघ. सेकंडहँड स्वस्त दिसतो, पण आतल्या ट्यूबा दमलेल्या असतात आणि विकणारा ते कधीच सांगत नाही. म्हणजे लिस्टमधला तिसरा. नवा, बिलासकट. घेच म्हणत नाही. हेडफोन लावून वाजवायचा साधा ट्रान्झिस्टरवाला निम्म्यात येतो आणि शिकायला तोच बरा. पण तू ऐकणार नाहीस, तुमच्या घरात कुणी ऐकत नाही.

आणि संभाजीचा अ‍ॅम्प परत आणायचा नाही. रिपेअर करायचा नाही, आठवण म्हणून कपाटावर ठेवायचा नाही. तो कसा आला ते तुला माहितीये, पण अर्धंच.

आमचं सेकंड इयर होतं. आमच्याकडं मिळून साडेचार हजार होते आणि ट्यूबचा अ‍ॅम्प पाहिजे होता, म्हणजे अक्कल नव्हती. एका रविवारी जुन्या बाजारात एक लाउडस्पीकरवाल्याचा अ‍ॅम्प दिसला. पूर्वी लग्नात, जत्रेत भोंगे लावायचे ना, त्यातला. हिरवट पत्र्याचा खोका, वर जाळी, आत काचेचे व्हॉल्व्ह, म्हणजे ट्यूबाच. माणूस भंगाराच्या भावानं विकत होता. संभाजी म्हणाला, लेका, बाहेर ह्याच्यासारखं चाळीस हजाराला हाय, आणि हा तर आपल्या आज्यांच्या लग्नात वाजला असंल. बसमध्ये त्यानं तो मांडीवर घेतला आणि कर्वेनगर येईपर्यंत पाय बधिर झाले तरी खाली ठेवला नाही.

आमच्या कॉलनीत श्यामसुंदरकाका राहतात, आयुष्यभर रेडिओ रिपेअर केलेले. त्यांच्याकडं नेला. त्यांनी चष्म्यातून आमच्याकडं बघितलं आणि म्हणाले, आम्ही चाळीस वर्षं फाटलेला आवाज नीट करायचे पैसे घेतले, तुम्ही नीट आवाज फाडायचे पैसे द्यायला आलात, या, बसा. पण केलं त्यांनी. पंधरा दिवस लावले, दोन व्हॉल्व्ह कुठूनतरी मिळवले, गिटारची केबल लावायची सोय केली. जुनी दोन पिनांची वायर कापून टाकली आणि नवी तीन पिनांची घातली. मग आम्हा दोघांसमोर प्लग उघडून दाखवला. ही लाल, ही काळी, ही हिरवी. हिरवी जमिनीत जाते. हा खोका म्हातारा आहे, आत कधीतरी गळती होणार, तेव्हा पत्र्यावर करंट येईल, तो ह्या हिरवीतून जाईल आणि फ्यूज उडेल. फ्यूज उडाला तर मला शिव्या द्या. पण हिला हात लावायचा नाही. संभाजी तेव्हा जाळीतून आत बघत होता. ऐकलं मी.

अ‍ॅम्प वाजायला लागला आणि खरंच वाजायला लागला, मैना. तुला आठवत असेल, तुमच्या गोठ्याच्या खोलीत आम्ही प्रॅक्टिस करायचो आणि तू दारात अभ्यासाचं पुस्तक घेऊन उभी असायचीस. फक्त एक भानगड होती, त्याची घरघर. गिटार बंद असली तरी मागं सतत एक जाड घरघर यायची, भोंग्यात माशी अडकल्यासारखी. संभाजी गाताना मध्ये थांबायचा ना, त्या थांबण्यात ती भरून यायची. मी गाणी लिहायचो, मला त्या थांबण्याचा फार अभिमान होता. काका म्हणाले, गुणगुणतोय तर गुणगुणू दे, म्हातारी माणसं गुणगुणतात. मला ते पटलं नाही.

खडकवासल्याच्या रस्त्याला त्या लॉन्सवर आपला पहिला पैसे घेऊन कार्यक्रम होता, त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. कुठल्यातरी फोरमवर एका शहाण्यानं लिहिलं होतं की घरघर अर्थिंगमुळं येते, अर्थ काढा, घरघर जाते. मी प्लग उघडला आणि हिरवी वायर काढली. टोक मागं दुमडून चिकटपट्टी लावली, प्लग बंद केला. बाहेरून तीन पिना दिसतात, कुणाला काही कळत नाही. घरघर गेली. पूर्ण गेली. संभाजी संध्याकाळी आला, त्यानं अ‍ॅम्प लावला आणि चालू आहे ना हे बघायला दोनदा तारा छेडल्या. मग म्हणाला, काय केलंस रे तू. मी म्हणालो, आतला एक कंडेन्सर बदलला. हे मी हुशार दिसावं म्हणून म्हणालो, दुसरं काहीही कारण नाही. त्यानं मला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी तू नव्हतीस, तुझी परीक्षा होती, म्हणून सांगतो. दुपारचे चार वाजले होते. लॉनला नुकतंच पाणी मारलेलं आणि स्टेज म्हणजे गवतावर टाकलेल्या फळ्या. संपतनं सकाळपासून सगळी वायरिंग केली होती, स्टेजवरच्या बोर्डाला टेस्टर लावून मला दाखवलं होतं, बघा दादा, अर्थिंग दिलंय, मागून बोंब नको. संभाजीनं नेहमीसारख्या चपला काढल्या, गिटार घेतली, दोन तारा छेडल्या आणि माईकपाशी येऊन चेक म्हणायला तोंड पुढं केलं. आत कुठंतरी गळती झाली होती. कधी झाली माहीत नाही, आदल्या दिवशीही असेल. पत्र्यावर आलेला करंट केबलीतून गिटारच्या तारांवर आला होता आणि हिरवी वायर नसल्यामुळं तिथं थांबून राहिला होता. माईकला अर्थिंग होतं. ओठ लागले. तो ताठ झाला. मैना, मी हसलो. त्याला स्टेजवर नकला करायची सवय होती, मला वाटलं करतोय. मागून संपत धावला, त्यानंच मेन पाडला, त्यानंच छाती दाबली, अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत तोच दाबत होता आणि रडत होता. मी हातात वही धरून उभा होतो.

पुढचं तुला माहितीये तसं नाहीये. अ‍ॅम्ब्युलन्स गेली, सगळे तिच्यामागं गेले. मी म्हणालो मी सामान आवरून येतो. स्टेजवर मी एकटा होतो. प्लग उपटला, खिशातल्या स्क्रूड्रायव्हरनं उघडला, चिकटपट्टी काढली, हिरवी वायर पिळून जागेवर बसवली, स्क्रू आवळला. हात आपोआप चालला असं मी सव्वा वर्ष स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. ह्या कामाला दोन-तीन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात माणूस पुष्कळ विचार करतो. संध्याकाळी पोलीस आले, पंचनामा झाला, तोवर लॉन्सवाल्यांनी संपतचे बोर्ड आणि वायरी गुंडाळून टेम्पोत टाकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी विजेचे इन्स्पेक्टर आले. त्यांना अ‍ॅम्पमध्ये गळती सापडली, प्लग ठीकठाक सापडला, म्हणजे राहिलं काय, संपतचा बोर्ड. संपत म्हणत होता अर्थिंग दिलं होतं. मला विचारलं. मी म्हणालो, मला त्यातलं कळत नाही.

श्यामसुंदरकाकांनी मला एकदाच जिन्यात गाठलं. हिरवी जागेवर होती ना, म्हणाले. मी म्हणालो, होती. ते म्हणाले, मग बरं. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. समोरून आलो तर किल्ल्या शोधायला लागतात.

आणि तुमच्या घरी काय झालं, तर मला पोरगा केला तुम्ही. दहाव्याला संपत आला होता, लांब उभा होता, सर्जेरावकाकांनी त्याच्या थोबाडीत मारली आणि मला हाताला धरून आपल्याजवळ बसवलं. वर्षश्राद्धाला काकूंनी मला आधी वाढलं. निघताना डब्यात ठेचा दिला, म्हणाल्या, तू हाईस म्हून घरात कुनीतरी दादा म्हनून हाक मारायला हाय. मी तो ठेचा खाल्ला. चांगला झाला होता.

संपत मला मागच्या महिन्यात तुमच्या हडपसरच्या मंडईत दिसला. लायसन गेलं, वायरिंगचं काम कुणी देत नाही, टोमॅटोचे क्रेट उतरवतो. मी वळून चाललो होतो, त्यानंच हाक मारली. हात पुसून जवळ आला आणि म्हणाला, दादा, मला माफ करा. मी म्हणालो, अरे, काय बोलतोस. तो म्हणाला, पहिले सहा महिने मी सगळ्यांना सांगत होतो की दिलं होतं अर्थिंग. मग मला वाटायला लागलं, सगळेच म्हणतायत म्हणजे विसरलो असेन. आता मी डोळे मिटले ना, की मला बोर्डच दिसतो, त्यात हिरवी वायरच नाही. त्याला ती आता दिसत नाही, मैना. त्यानं स्वतःच्या हातानं लावलेली वायर त्याच्या डोक्यातून मी काढली. वकील म्हणतो, कबूल कर, शिक्षा कमी होईल, तारखा संपतील. तो म्हणाला, पैशाचं किंवा जेलचं नाही दादा, पोराच्या आईला एकदा कळायला पाहिजे की कोणीतरी कबूल केलं. मी त्याला चहा पाजला आणि घरी आलो. त्या दिवशीसुद्धा काही केलं नाही. तुझा मेसेज आला नसता तर उद्याही केलं नसतं, हे तुला माहीत असू दे. तो कबूल करणार, केस संपणार, खोका परत येणार आणि तू तो सॉकेटमध्ये लावणार, हे सगळं एका मेसेजमध्ये वाचलं तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो. सव्वा वर्ष ज्याला मी घाबरणं म्हणत होतो ते नुसतं जपणं होतं, स्वतःला.

तिसरा अ‍ॅम्प घे. घरात लावायच्या आधी तुमच्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घे, आणि तपासायला संपतलाच बोलव. काका नाही म्हणतील. तरी बोलव.

आज रविवार आहे, आणि हे शेवटचं मी तुमच्या पायरीवर बसून लिहितोय. हेच सगळं, तारीख घालून, सही करून, तीन पानं संपतच्या वकिलाच्या हातात सकाळी देऊन आलो. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, तुम्हाला कळतंय ना आता तुमच्यावर काय येईल. उद्या अकराला कोर्टात मी त्यांच्याबरोबर उभा राहणार आहे आणि संपत काही कबूल करणार नाहीये. तिथं काका असतील, तू असशील. हे तुम्हाला तिथल्या गर्दीत परक्या माणसाच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठी हा कागद. काका-काकूंना तू वाचून दाखव. मला समोर बसून सांगता आलं असतं, पण काकू आधी पाणी देतील, मग जेवून जा म्हणतील, आणि मी जेवेन. मला माझी खात्री आहे. आतून आत्ताच त्यांनी विचारलं, कोन हाय. तू येतेयस, चपलांचा आवाज येतोय. कागद दाराखालून सरकवतो. मी वळणापर्यंत पोचलेलो असेन.

यापुढं दादा म्हणू नकोस.

श्रीनिवास