मला शिशाच्या गटात घाला

मी, सैमी कुओस्मानेन, कै. विल्हो यांची पत्नी, वय एक्याऐंशी, राहणार कैस्लालाहती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहीत आहे. दडपण आलं नाही असं नाही. माझा मुलगा योर्मा दर रविवारी येतो, कॉफी पितो आणि आईचं डोकं ठिकाणावर नाही असं सुचवून जातो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर मुलगी मार्युक्का हिला. हातमागही तिलाच, त्यावर अर्धवट राहिलेल्या चिंध्यांच्या सतरंजीसह. निळा पट्टा तिला आवडणार नाही, तरी तिने तो उसवू नये.

२. योर्माला कायद्याने जेवढा द्यावाच लागतो तेवढा वाटा मिळेल. तो रोखता येत नाही असं वकील म्हणाले. मी दोनदा विचारून पाहिलं. तळ्याकाठची सौना, म्हणजे आमचं वाफेच्या अंघोळीचं घर, तिच्या ओसरीसकट, त्याला हवी असेल तर मात्र कलम ४ मुकाट्याने पाळावं लागेल.

३. बॅटरीच्या कारखान्याचा जुना मुकादम तिर्क्कोनेन माझ्या दफनानंतरच्या कॉफीला नक्की येईल, फुकटचं तो सोडत नाही. त्याला अडवू नये. कॉफी द्यावी. वेलचीचा गोड पाव देऊ नये. कारखान्याचं धुलाईघर त्यानेच बंद करवलं. "गावात एवढ्या बायका कशाला आहेत?" असं तो सगळ्यांसमोर म्हणाला होता आणि पुरुष हसले होते. माझा नवराही हसला होता. त्याला मी माफ केलं आहे, तिर्क्कोनेनला नाही.

४. माझ्या देहाबाबत. हे कलम नीट वाचावं.

विल्हो शिशाच्या भट्टीवर होता. धुलाईघर गेल्यावर सगळ्यांचे कामाचे कपडे घरी येऊ लागले. शनिवारी सौना तापवायच्या आधी शेजारच्या हिल्क्का आणि लेम्पी त्यांच्या नवऱ्यांचे कपडे घेऊन माझ्याकडे येत, कारण गरम पाण्याचा मोठा हंडा माझ्याकडे होता. आधी ओसरीवर कपडे झटकायचे, मग भिजवायचे, मग घासायचे. ती शिशाची धूळ जिभेला गोडसर लागायची. योर्मा त्याच ओसरीवर रांगला. पुढे शाळेत त्याला अक्षरं लागेनात, तेव्हा मास्तरांनी त्याला ढ म्हटलं आणि तेच नाव गावभर झालं. माझा मुलगा ढ नव्हता. हे मी इथे कायद्याच्या कागदावर लिहून ठेवते.

मग राजधानीहून आरोग्यसंस्थेची माणसं अभ्यासाला आली. शिशाने माणसाचं काय होतं ते पाहायचं, म्हणून त्यांनी गट पाडले. भट्टीवरचे जास्त संपर्काचे, गोदामातले कमी संपर्काचे, आणि त्यांच्याशी ताडून पाहायला संपर्क नसलेले, म्हणजे गावातली बाकीची माणसं. त्यात बहुतेक आम्ही बायकाच होतो. गट ठरला कामावरून. डॉ. लाहदेल्मा तेव्हा अगदी कोवळे होते. त्यांनी विचारलं, "मावशी, कारखान्यात कधी काम केलंत?"

"मी नाही गेले कधी. पण कारखाना दर शनिवारी माझ्याकडे येतो."

"प्रश्न फक्त नोकरीचा आहे हो."

"मग तुमचा प्रश्नच चुकलाय."

ते हसले आणि मला संपर्क नसलेल्यांत टाकून पुढच्या घरी गेले.

निकाल आला: भट्टीवरच्या लोकांत आणि गावातल्यांत फारसा फरक नाही. कसा असेल? हात त्यांचेही कापत होते आणि आमचेही. पोटात कळा त्यांनाही येत होत्या, आम्हालाही. आम्हाला निरोगी धरून त्यांना आमच्याशेजारी उभं केलं आणि त्यांचा आजार दिसेनासा झाला. विल्होचा आजार वयामुळे ठरला. तो तेव्हा बावन्न वर्षांचा होता. भट्टीवरचे जे अजून जिवंत आहेत त्यांना आजही हेच उत्तर मिळतं.

बऱ्याच वर्षांनी मी राजधानीला जाऊन लाहदेल्मांना गाठलं. माणूस खोटा नाही. म्हणाले, "मावशी, तुमचं पटतंय मला. पण निकाल हातात आल्यावर नुसत्या सांगण्यावरून गट बदलले, तर तो अभ्यास राहत नाही. मोजमाप हवं."

"मग घ्या ना रक्त."

"कारखाना बंद होऊन इतकी वर्षं झाली. रक्तात आता काही सापडणार नाही. शिसं हाडांत साठून राहतं."

"हाडं आहेत की माझ्याकडे!"

"ती तुम्हाला लागतायत अजून," ते म्हणाले. "आणि एकीच्या हाडाने गट होत नाही."

"सुरुवात तर होईल."

तरी माझ्या मृत्यूनंतर, दफनाआधी, माझ्या डाव्या मांडीचं हाड काढून त्या संस्थेला द्यावं. त्यांनी त्यातलं शिसं मोजावं आणि जे निघेल त्याप्रमाणे मला योग्य गटात घालून हिशोब पुन्हा मांडावा. काहीच निघालं नाही, तर तसंही जाहीर करावं. मी घाबरत नाही.

योर्मा म्हणतो, "आई, माणसाला धड पुरतात गं. लोक काय म्हणतील?" तुझे वडील धडच पुरले, बाळा. त्यांच्यासोबत सगळा पुरावाही पुरला. या कलमाला ज्याने हरकत घेतली त्याला सौनाची चावी मिळणार नाही, मग तो माझ्या पोटचा असला तरी.

कैस्लालाहती, १४ सप्टेंबर १९९१

सही: सैमी कुओस्मानेन
(अक्षर वाकडं आहे कारण हात कापतो. का कापतो ते वर लिहिलं आहे.)

आम्ही एकाच वेळी हजर होतो. सैमीने आमच्या देखत, स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत सही केली. आम्ही तिच्या नात्यातल्या नाही आणि या मृत्युपत्राने आम्हाला काही मिळत नाही.

साक्षीदार: हिल्क्का वातानेन
साक्षीदार: लेम्पी रौतियाइनेन

साक्षीदारांनी आपलं काही जोडू नये असं वकील म्हणतात. आम्ही जोडतो. त्या ओसरीवर आम्हीही कपडे झटकले आहेत. वेळ आली की आमचीही हाडं घ्या.

हि. वा.
ले. रौ.