चौदा हजार पावलं

मंगळवार, १३ मे. सकाळी ११.४२
वेळ घड्याळात पाहून लिहितेय. सोसायटीचा सेक्रेटरी खुराना दोन गार्ड घेऊन माझ्या घरात घुसला. बेल नाही, टकटक नाही. ऑफिसातली जादा किल्ली लावून सरळ आत. मी सोफ्यावर, पाय स्टुलावर, मांडीवर चकल्यांचा डबा.
"मॅडम, आप ठीक हैं?"
गाऊनमध्ये तीन पुरुष समोर उभे असताना बाई ठीक कशी असेल?
अनूने पुण्याहून त्याला फोन केला होता: आईची नाडी एकशे अठ्ठेचाळीस, आई फोन उचलत नाही. फोन आत चार्जिंगला होता. एक गार्ड सारखा चकल्यांकडे बघत होता.
लेखी तक्रार करणार. सोडणार नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
मसुद्याचे तीन कागद फाडले. लिहायचं काय? नाडी मोजणारा पट्टा माझ्या हातावर नव्हताच. कामवाल्या सुनीताच्या हातावर होता.
हे इथेसुद्धा आज पहिल्यांदा लिहितेय.
फेब्रुवारीत न्हाणीघरात पडले तेव्हा अनूने अट घातली, "रोज सहा हजार पावलं, आई. नाहीतर दिल्लीतल्या द्वारकेच्या घराला कुलूप आणि तू माझ्याकडे." पट्टा तिनेच पाठवला. आकडे थेट तिच्या फोनवर. दहा दिवस चालले, प्रामाणिकपणे. मग गुडघा, मग ऊन, मग पार्कातला तो हास्यक्लब. अकराव्या दिवशी सुनीताला म्हटलं, "ये पहनके काम कर ले, दोपहर में दे जाना." का, ते तिने विचारलंही नाही.
सहा घरं. चौदा हजार पावलं.
"आई, तू ग्रेट आहेस!" आणि मी? "प्रयत्न करतेय गं."
मार्चात महिला मंडळात 'साठीनंतरचं चालणं' यावर वीस मिनिटं बोलले. शाल, नारळ घेतला. शाल कपाटात आहे. नारळाच्या वड्या केल्या. निम्म्या सुनीताला दिल्या, म्हणजे...
पुरे.

बुधवार, १४
अनूला काल सांगितलं होतं, जोरात चालून आले म्हणून नाडी वाढली. परिणाम: पुण्यात हृदयाच्या डॉक्टरांची वेळ, शनिवारी दुपारचं विमान. "आता चर्चा नाही." तिकडे गेले की परत येणं नाही. खरं सांगितलं तरी तेच.
सुनीताला विचारलं, काल साडेअकराला कुठे होतीस?
"नौवीं मंज़िल चढ़ रही थी, आंटीजी. सर्विस लिफ्ट तो पंद्रह दिन से बंद है."
दुसरी लिफ्ट?
"उसमें हमको मना है ना."
मग भांडी विसळत, माझ्याकडे न बघता, "आँखों के आगे अँधेरा आता है. थोड़ा बैठ जाती हूँ, ठीक हो जाता है."
पट्टा काढून ओट्यावर ठेवला. "इसकी वजह से आपको डाँट पड़ी ना? सॉरी, आंटीजी."
तिने. मला.

गुरुवार, १५
चष्मा लावून लिफ्टजवळची पाटी वाचली. घरकाम करणाऱ्यांनी फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरावी. इंग्रजी निर्दोष. असणारच. कमिटीवर होते तेव्हा मीच लिहून दिली. खुरानाने 'व्हेरी क्लासी, मॅडम' म्हटलं तेव्हा फुगलेही होते. कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी शिकवलेला एकेक स्वल्पविराम जागच्या जागी.
पट्टा स्वतःच्या हातावर बांधून जिना चढायला घेतला. तिसऱ्या मजल्यावर बसले. घाम, धाप. कोणी आलं नाही. बरं झालं.
रात्री अनू, "आज फक्त चारशे बारा पावलं? बरं नाही का?"
म्हटलं, उद्या लिहून कळवते.

शुक्रवार, १६. सकाळी ७
सेक्टरातल्या डॉक्टरांकडे सुनीताची सोमवारची वेळ घेतली. तोवर जिना चढायचा नाही, बजावलंय. "बाकी घरों को क्या बोलूँ?" म्हणाली. म्हटलं, माझं नाव सांग. सोमवारी तिच्याबरोबर जायला मी इथे असायला हवी.
पत्र पाठवलं. नक्कल ठेवते:

"श्री. खुराना, मंगळवारी ११.४२ ला ज्या नाडीसाठी तुम्ही किल्ली घेऊन धावलात, ती माझी नव्हती. सुनीताची होती. ती त्या वेळी नवव्या मजल्याच्या जिन्यात होती. तिथे कुणी धावलं नाही. पट्टा तिला मी बांधला. दोन महिने तिची पावलं माझी म्हणून दाखवली. लिफ्टची पाटीही माझीच. ती मी मागे घेते. मुख्य लिफ्ट आजपासून सर्वांना खुली करा. उद्या, शनिवारी, सकाळी ११.४२ च्या आत लेखी उत्तर हवं. 'देखते हैं, मॅडम' हे उत्तर धरलं जाणार नाही."

हेच पत्र अनूला. खाली एक ओळ जास्त: "मला विमानात बसवायचं की नाही, तेही लेखी कळव. मुदत तीच."