पाणी नको म्हणणारी शोभादी

प्रिय शोभादी,

आज डमडमच्या बाजारात मासळी घ्यायला गेले आणि रिकामी पिशवी घेऊन परत आले. डोकं इतकं फिरलंय की घरात कुणाशी बोलवेना, म्हणून तुलाच लिहितेय. तुला मराठी येत नव्हतं, पण माझं चिडणं तुला बरोबर कळायचं.

ह्यांच्या बदलीमुळे आम्ही कोलकात्याला आलो, तेव्हा त्या बाजारात पहिली हाक तूच मारलीस. "बौदी, इधर आओ, चिंगड़ी साफ कर देगा." बौदी म्हणजे वहिनी आणि चिंगड़ी म्हणजे कोळंबी, हे मला मागाहून कळलं. ओल्या फरशीवर विळी घेऊन बसलेली तू. बर्फाच्या पाण्याने बोटं पांढरी पडलेली, कापलेल्या अंगठ्याला साडीची चिंधी. वर ओट्यावर रोहू कापणारे पुरुष कारागीर, आणि दिवसभर कोळंबी सोलणारी तू नुसती 'मदतीला बसलेली बाई'. का? कोळंबी लहान असते म्हणून?

उन्हाळ्यात मी पाण्याची बाटली पुढे केली की तू मान हलवायचीस. "अभी नहीं बौदी, घर जाके." मला वाटायचं, उपास असेल. मग तुझ्या शेजारी बसणाऱ्या शेफालीने सांगितलं. बाजारातल्या संडासाची किल्ली फक्त गाळेवाल्यांना, आणि गाळा एकाही बाईच्या नावावर नाही. पुरुषांना मागची भिंत आहेच. तुम्ही बायका पहाटेपासून तहान मारून बसायच्या.

तू कधीच का भांडली नाहीस गं? बसायची जागा जाईल म्हणून? लघवीची जळजळ, ताप, सगळं अंगावर काढलंस. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला तेव्हा डॉक्टरांनी तुझ्या मुलीला विचारलं, "ह्या पाणी पीत नव्हत्या का?" काय सांगणार होती ती?

आणि आज बघते तर तुझ्या जागेवर तुझा फोटो. रजनीगंधाचा हार, आणि पुढे काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला. हे कशाला, म्हणून विचारलं, तर गाळेवाला हात जोडून म्हणाला, "आत्मा को प्यास लगता है, बौदी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिवंतपणी लागत नव्हती? शेजारीच शेफाली कोरड्या ओठांनी कोळंबी सोलत होती.

उद्या मी परत जातेय. सगळ्या जणींना घेऊन त्या संडासाच्या दाराशी उभी राहीन, आणि किल्ली शेफालीच्या हातात पडेपर्यंत हलणार नाही. मग तुझ्या फोटोपुढचा तो पेला उचलेन आणि त्या सगळ्या गाळेवाल्यांसमोर तिला प्यायला देईन. शब्द देते.

तुझी,
बौदी