‘जुनी माती’चे अंक कुलपात जाऊ नयेत म्हणून

मोतुपेच्या पवित्र क्रुसाला स्मरून मी, एउलालिया चाफ्लोके, तेओफिलो सिएस्केन मास्तरांची विधवा, राहणार तुकुमे, पेरू, हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. मला दडपणारा अजून जन्मायचा आहे.

१. घर, परसातल्या कोंबड्या आणि शिवणयंत्र भाची नेलिदाला. शवपेटी साधी घ्यावी. फुलं कागदाची आणावीत, पुढच्या मयताला चालतील.

२. दीर ओनोरियो यांना काही नाही. यजमानांच्या आजारपणात ते नेमके जेवणाच्या वेळी समाचाराला येत.

३. यजमानांनी शाळा सांभाळून ‘जुनी माती’ हे आमच्या वाकांवरचं, म्हणजे प्राचीन लोकांच्या मातीच्या देवळा-थडग्यांवरचं, पुरातत्त्वाचं मासिक चालवलं. त्याचा पूर्ण संच आता फक्त माझ्या कपाटात आहे. पुरातत्त्व मंडळाचा संच वाळवीने खाल्ला, अध्यक्ष डॉक्टर अमादेओ उर्तेआगा यांच्या नाकाखाली. तेच डॉक्टर हल्ली रविवारची मिस्सा संपली की माझ्या दारात हजर. माझा संच त्यांना मंडळाच्या काचेच्या कपाटात हवा आहे, किल्ली स्वतःच्या खिशात.

मी सांगितलं, “नेलिदा सगळी पानं स्कॅन करून इंटरनेटवर फुकट ठेवणार आहे.”

“वहिनी, भलतंच काय! त्यात नकाशे आहेत. चोर एकेक वाका खणून काढतील!”

“डॉक्टर, गुड फ्रायडेला अख्खं गाव फावडी घेऊन वाकाच्या टेकाडावर जातं. त्या दिवशी पुरलेलं सोनं वर येतं म्हणे. दारूची बाटली सगळ्यांच्या हातात असते, मासिक एकाच्याही नाही.”

“पण फुकट मिळालेल्याची लोकांना किंमत नसते.”

“खरंय. तुम्हाला यजमान अंक फुकटच पाठवायचे.”

तरी संचातलं एक पानही मंडळाला देऊ नये. बांधणी मी स्वतः मेणाच्या दोऱ्याने शिवली आहे. पान सपाट बसत नसेल तर नेलिदाने बेलाशक उसवावी. वाकांच्या पायथ्याशी राहणाऱ्यांसाठी यजमानांनी लिहिलं. त्यांच्या शाळांना आधी कळवावं. वाचणाऱ्याकडे शिफारसपत्र मागू नये. प्रभूने भाकरी वाटताना मागितलं नव्हतं.

४. मी शुद्धीवर आहे, असं साक्षीदारांनी लिहून द्यावं लागतं. उद्या ‘म्हातारी भ्रमिष्ट होती’ म्हणून कोर्टात जाईल असा माणूस एकच, म्हणून त्यालाच साक्षीला बोलावलं. मान मिळतोय म्हटल्यावर टाय लावून आलेत. समोर बसून माझीच मक्याची आंबवलेली चिचा पीत आहेत.

तुकुमे, २ ऑगस्ट २०१६
सही : एउलालिया चाफ्लोके

साक्षीदार :
१. होविता सान्तामारिया, शेजारीण. सगळं वाचलं. बाई शुद्धीवर आहेत.
२. डॉ. अमादेओ उर्तेआगा, अध्यक्ष. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. मजकूर वाचण्याची आवश्यकता वाटली नाही.