खोट्या सालाचं पुस्तक

कौनास विद्यापीठ, १९२४

प्राध्यापक गौद्रीमास यांस,

तुम्ही मागितलेला माफीनामा लिहायला बसले आणि हे लिहून झालं.

ग्रंथविद्येच्या तासाला एका प्रार्थनापुस्तकाच्या नोंदकार्डावरचं १८६३ हे साल खोडून मी १८९४ लिहिलं. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "बाई, पहिल्या पानावर छापलंय तेच खरं. बाकी चुलीपुढच्या गप्पा."

सर, झारने आपल्या लिथुआनियन भाषेची लॅटिन लिपीतली छपाई बंद केली होती. म्हणून लोक सरहद्दीपलीकडे प्रशियात पुस्तकं छापायचे आणि वर बंदीच्या आधीचं साल टाकायचे, म्हणजे पोलिसांना ती जुनी वाटावीत. या पुस्तकाचे सुटे कागद माझ्या बाबांनी गवताच्या गाडीतून सरहद्दीपार आणले आणि आईने ते घरच्या दोऱ्याने शिवले. पोलीस फसले, ते बरंच झालं. पण तुम्ही कसे फसलात?

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. सोमवारी आईलाच वर्गात घेऊन येतेय. तिला वाचता येत नाही. पण बाबांना पकडून नेलं त्या १८९४च्या हिवाळ्यात स्वतः घातलेले टाके ती डोळे मिटूनही ओळखते.

माफी न मागता,
ऊर्शुले